झीज कोणाची, दोष कोणाचा?



एखादी वस्तू वापरून वापरून झिजली, तर तो दोष कोणाचा? वापरणाऱ्याचा, बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की कोणाचाच नाही? प्रश्न किरकोळ वाटतो. पण याच प्रश्नावरून दुकानाच्या काउंटरवर आवाज चढतात. ओळखीच्या दुकानदाराशी अबोला धरला जातो. 'वॉरंटी आहे' आणि 'हे वॉरंटीत बसत नाही' या दोन वाक्यांच्या मध्ये माणसे अडकून पडतात. वस्तू काही हजारांची असते, पण मनातली अढी वर्षानुवर्षे राहते. म्हणून या रविवारी हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही लाकडावर चालणारी शेगडी घेतली आहे. पंखा झिजतो, घड्याळ झिजते, पण ती झीज चटकन दिसत नाही. शेगडीचे तसे नाही. ज्या भांड्यात रोज विस्तव ठेवायचा, ते भांडे झिजल्यावाचून राहणारच नाही. त्यामुळे झीज म्हणजे काय आणि दोष म्हणजे काय, हे ओळखायला शेगडीसारखे दुसरे उदाहरण नाही.

झिजण्यासाठीच बसवलेले भाग

थंड देशांत घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकडाच्या लोखंडी शेगड्या वापरतात. आपल्यापैकी ज्यांची मुले कॅनडा-अमेरिकेत आहेत, त्यांनी अशी शेगडी पाहिली असेल. बिडाची किंवा जाड पत्र्याची पेटी, पुढे काचेचे दार, वर धुराडे. बाहेरून पाहिले तर ही एकच अखंड वस्तू वाटते. आत मात्र तिचे दोन प्रकारचे भाग असतात.

पहिला प्रकार टिकण्यासाठी केलेला असतो. पेटीचे अंग, तिचे सांधे, तिचे पाय हे सारे पुष्कळ वर्षे चालावे, अशी अपेक्षा असते. दुसरा प्रकार झिजण्यासाठीच केलेला असतो. तळाची जाळी रोज निखाऱ्यांचा भार सोसते. आतून लावलेल्या भट्टीच्या विटा ज्वाळेची धग स्वतःवर घेतात, म्हणून मागचा पत्रा वाचतो. आगीच्या वर एक आडवा पत्रा किंवा फळी असते. ती धुराला लगेच धुराड्यात जाऊ देत नाही, पुन्हा आगीवरून फिरवून जाळते. दाराभोवती काचतंतूंची जाड दोरी असते, तिला गॅस्केट म्हणतात. काही शेगड्यांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रांची एक वडी बसवलेली असते. तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियम यांसारख्या धातूचा लेप असतो आणि त्यामुळे धूर कमी उष्णतेतही जळून जातो.

हे सगळे भाग सुटे करता येतात, काढून नवे घालता येतात. असे का केले? कारण बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की हे भाग जाणार आहेत. ते गेले तरी चालेल, पण शेगडीचे अंग वाचले पाहिजे, असा त्याचा हिशेब असतो. जाळी झिजली म्हणजे शेगडी वाईट निघाली असे नव्हे. जाळीने आपले काम केले, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कंपनीकडे भांडायला जात नाही. मुकाट्याने नवी रिंग आणतो. शेगडीच्या जाळीचेही तसेच आहे.

म्हणून पहिली गोष्ट अशी की झीज हा दोष नाही. झीज ही मिळालेल्या सेवेची किंमत आहे. ज्याने ऊब घेतली, त्यानेच ती किंमत द्यावी हे न्याय्य आहे. बहुतेक वॉरंटीच्या कागदांवर शेगडीच्या अंगाला पुष्कळ वर्षांची हमी असते, पण गॅस्केट, विटा, काच, रंग यांना हमी नसते किंवा अगदी थोड्या काळाची असते. ग्राहकाला हा कंजूषपणा वाटतो. पण त्यामागचे तत्त्व चुकीचे नाही.

मग भांडण कुठे सुरू होते?

सारे इतके सरळ असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. अडचण अशी की झीज आणि दोष हे नेहमी वेगवेगळे दिसत नाहीत.

दाराभोवतीच्या त्या दोरीचेच पाहा. ती काही हंगामांत दबून चपटी होते, कडक होते, कुठे कुठे सुटते. ती झाली साधी झीज. पण ती बदलली नाही, तर दाराच्या फटीतून जास्तीची हवा आत शिरते. आग मालकाच्या ताब्यात राहत नाही. हवेची खिडकी बंद केली तरी लाकडे भडाभडा जळत राहतात. पेटी गरजेपेक्षा जास्त तापते. मग वरचा आडवा पत्रा वाकतो आणि एखाद्या दिवशी बिडाच्या तावदानाला तडा जातो. तडा गेलेला भाग वॉरंटीत आहे. पण कंपनीचा माणूस येऊन पाहतो आणि म्हणतो, "शेगडी अति तापवली आहे. अति तापवल्याचे नुकसान आम्ही भरून देत नाही."

आता समजा, ही शेगडी एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंची आहे. त्या म्हणतात, "मी रोजच्यासारखीच पेटवली." त्या खोटे बोलत नाहीत. कंपनीचा माणूसही खोटे बोलत नाही, कारण पत्रा खरोखरच अति उष्णतेने वाकला आहे. दोघेही खरे बोलत असताना न्याय कसा करायचा? बाहेर बर्फ पडते आहे आणि शेगडी बंद आहे. आणखी एक गंभीर गोष्ट आहे. तडा गेलेली किंवा धुराडे तुंबलेली शेगडी तशीच पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. म्हणजे इथे प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही, तो जिवाचा होतो.

तत्त्वज्ञ काय म्हणतात?

हा प्रश्न आजचा नाही. इ. स. पूर्व 44 मध्ये रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एका धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण देतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला माहीत आहे, पण बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरोने या प्रश्नावर दोन तत्त्वज्ञांचा वाद रंगवला आहे. एक म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, जे ठाऊक असून समोरच्याच्या हिताचे आहे, ते सांगायलाच हवे. सिसेरोचा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची विभागणी आजच्या वॉरंटीच्या कागदालाही लागू पडते. ते म्हणतात, मालातला दोष विक्रेत्याला ठाऊक असेल आणि तरीही त्याने माल खपवला, तर ती फसवणूक आहे. दोष ठाऊक नसेल तर त्याच्याकडून पाप घडले नाही, पण दोष कळल्यावर भरपाई मात्र केलीच पाहिजे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याचा असेल, तर तो मुद्दाम सांगण्याचे बंधन नाही. मात्र किंमत त्या मानाने कमी लावावी. पण दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होणार असेल, तर तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

हे वाचून ग्राहकांना आनंद होईल. पण अक्विनस तेवढ्यावर थांबत नाहीत. ते ग्राहकालाही तोच नियम लावतात. विकणाऱ्याने चुकून तांबे समजून सोने दिले आणि घेणाऱ्याला ते कळले, तर घेणाऱ्याने गप्प बसणे अन्यायाचे आहे. त्याने ते परत केले पाहिजे. म्हणजे नियम दुकानदारासाठी वेगळा आणि गिऱ्हाइकासाठी वेगळा नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर बोलण्याचे बंधन आहे.

ॲरिस्टॉटलने याला आणखी एक जोड दिली आहे. अज्ञानाने घडलेल्या गोष्टीला माफी असते, पण ते अज्ञान निष्काळजीपणातून आले असेल तर माफी नाही, असे तो नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सांगतो. कारण काळजी घेणे त्या माणसाच्या हातात होते. माहितीपुस्तक पिशवीतून बाहेरही न काढता 'मला कोणी सांगितले नाही' म्हणणारा याच वर्गात बसतो.

या तिघांचे म्हणणे एकत्र केले, तर आम्हाला असे वाटते: झीज सोसायची ती वापरणाऱ्याने. दोष भरून द्यायचा तो बनवणाऱ्याने. पण झीज कुठे होणार, ती कशी ओळखायची आणि दुर्लक्ष केले तर काय होईल, हे सांगण्याची जबाबदारी जो जाणतो त्याची. जाणून जो गप्प राहिला, नुकसानाचा भार त्याच्याकडे सरकतो.

आता त्या वृद्ध बाईंच्या शेगडीकडे पुन्हा पाहा. दाराची दोरी तपासण्याची एक सोपी रीत आहे. दारात कागदाची पट्टी किंवा चलनी नोट धरायची, दार घट्ट लावायचे आणि नोट ओढून पाहायची. नोट सहज सरकून आली, तर दोरी बदलायची वेळ झाली. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. शेगडी बसवायला आलेल्या माणसाने ती करून दाखवली होती का? दाखवली असेल आणि बाईंनी दुर्लक्ष केले असेल, तर नुकसान त्यांचे. पण दाखवली नसेल, केवळ बारीक अक्षरांतले पुस्तक हातात ठेवून तो निघून गेला असेल, तर त्या तड्याची जबाबदारी बाईंच्या अंगावर पूर्णपणे टाकता येणार नाही. छापणे म्हणजे सांगणे नव्हे. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले, तरच ते सांगणे.

कोणी म्हणेल, हे फार कडक झाले. पण कायद्यानेही हळूहळू हीच वाट धरली आहे. अमेरिकेत 1975 साली वॉरंटीविषयी मॅग्नसन-मॉस कायदा झाला. लेखी वॉरंटी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित', हे ठळक सांगावे आणि अटी साध्या, समजेल अशा भाषेत लिहाव्यात, असे तो सांगतो. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. वस्तूमुळे कोणाला इजा वा हानी झाली आणि तिच्याबरोबर योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिलेले नसतील, तर या कायद्यानुसार उत्पादकाला जबाबदार धरता येते. कंपनीने दिलेल्या सूचना विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नाहीत, तर विक्रेताही जबाबदार ठरू शकतो. उलट वस्तू चुकीच्या रीतीने वापरली असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावर असा दावा चालत नाही. तराजूला दोन्ही पारडी आहेत.

आपला बंब आणि तांबट

आपल्याकडे थंडीसाठी शेगडी लागत नाही, पण आंघोळीच्या पाण्याचा बंब हा शेगडीचाच भाऊ आहे. मधोमध नळी, तिच्यात लाकडे, करवंट्या, झावळ्यांचे तुकडे. खाली जाळी, जाळीखाली राख. नळीभोवती पाणी. इथेही झिजणारे भाग ठरलेले आहेत. जाळी जळते, तोटी गळते, आतली कल्हई जाते. इथेही एक गोष्ट कधीच करायची नसते: पाणी नसताना बंब पेटवायचा नाही. पेटवला, तर सांधा सुटलाच समजा.

पूर्वी बंबाला वॉरंटीचा कागद नव्हता. पुण्यात तांबटांची आख्खी आळीच आहे. गावोगावीही भांडी घडवणारे, सांधणारे कारागीर होते. बंब जिथून घेतला, तिथेच तो दुरुस्तीला जायचा. तांबटाने बंब उलटा केला की त्याला कळायचे, सांधा आपल्या हाताने कच्चा राहिला की घरच्यांनी बंब कोरडा पेटवला. तो ते तोंडावर सांगायचा. पैसे घ्यायचे की नाही, हेही तिथेच ठरायचे.

ते दिवस सोन्याचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाला नीट वागणूक आणि परक्याला उडवाउडवी, हेही त्या काळी चालत असे. ज्याला ओळख नाही, वजन नाही, त्याच्या हातात काहीच नव्हते. छापील वॉरंटीने ती उणीव भरून काढली. ज्याने तुमचे तोंडही पाहिलेले नाही, असा दूरचा कारखानदार तुम्हाला लेखी शब्द देतो. गरीब-श्रीमंत, ओळखीचा-अनोळखी, सर्वांना एकच शब्द. ही मोठी गोष्ट आहे. मात्र ओळखीच्या जागी कागद आला, की खरे बोलण्याची भीड कमी होते. 'कंपनीच तर आहे, तिचे काय बिघडते?' असे ग्राहकाला वाटते. 'एक गिऱ्हाईक गेले तर काय बिघडते?' असे कंपनीला वाटते. समोरासमोर ज्या थापा मारायला जीभ अडखळली असती, त्या अर्जावर सहज लिहिल्या जातात.

ग्राहकाचा प्रामाणिकपणा

म्हणून थोडे आपल्या बाजूकडेही पाहू या. जुन्या दाराची रंग लावलेली फळी, प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिक हे सारे शेगडीत घालू नये असे पुस्तकात लिहिलेले असते. त्या पोळ्यासारख्या वडीवरचा लेप अशा धुराने निकामी होतो. ओले लाकूड जाळले तर धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि पुढे त्यालाच आग लागू शकते. लाकूड इतके वाळलेले हवे की त्यातले पाणी 20 टक्क्यांहून कमी असावे. हे सारे ठाऊक असून प्लायवूड जाळायचे आणि वडी बिघडल्यावर 'आम्ही फक्त सुके लाकूडच वापरतो' असे लिहून द्यायचे, ही हुशारी नव्हे. ज्या अक्विनसांनी विक्रेत्याला बोलायला लावले, तेच इथे आपल्यालाही बोलायला लावतात.

दुकानदाराला 'बिलावरची तारीख जरा पुढची टाका' म्हणून गळ घालणारेही असतात. दुकानदार ओळखीचा असतो, कदाचित रविवारी आपल्याच बाकावर शेजारी बसणारा असतो. त्याला नाही म्हणवत नाही. आपण त्याच्या मैत्रीचा उपयोग त्याच्याकडून खोटे करवून घेण्यासाठी करतो. आणि वॉरंटीचा खर्च आकाशातून पडत नाही. तो पुढच्या ग्राहकाच्या किमतीत मिसळतो. खोट्या तक्रारीचे पैसे कंपनी देत नाही, आपलाच कोणी शेजारी देतो.

दुरुस्तीला आलेल्या मुलाशी आपण कसे बोलतो, हेही पाहायला हवे. नियम त्याने केलेले नसतात. त्याला फेऱ्यांप्रमाणे पैसे मिळतात. कंपनीवरचा राग त्याच्यावर काढणे सोपे असते, कारण तोच तेवढा हाताशी सापडतो. पण रागाचा पत्ता चुकला तर तोही अन्यायच होतो.

देणाऱ्याची जबाबदारी

आतापर्यंत आपण विकत घेतलेल्या वस्तूंविषयी बोललो. पण चूल दान म्हणून किंवा योजनेतून दिली, तर? तिला बिल नाही, वॉरंटी नाही. मग तिची झीज कोणाची?

आपल्या देशात याचा मोठा अनुभव आहे. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 साली तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. धूर कमी, सरपण कमी असा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण चुली बसवल्याचा आकडा मोजणे सोपे होते. त्या पुढे चालू राहिल्या का, हे पाहणे अवघड होते.

पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी 44 गावांतल्या सुमारे 2600 कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांपैकी डुफ्लो यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गावांत धुराडे असलेल्या मातीच्या चुली देण्यात आल्या होत्या. संशोधकांनी चार वर्षे त्यांचा मागोवा घेतला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या वर्षी चूल पेटवणाऱ्या बायकांच्या अंगात जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर मात्र फरक उरला नाही. आरोग्यात सुधारणा दिसली नाही, सरपणही वाचले नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची देखभाल झाली नाही आणि हळूहळू त्या मागे पडल्या. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली चूल स्वयंपाकघरात टिकली नाही.

इथे कोणी म्हणेल, 'फुकट दिली की लोकांना किंमत नसते.' असे म्हणण्याची आम्हाला घाई नाही. शेतावरून थकून आलेल्या बाईने धुराड्यातली काजळी काढायची, भेगा लिंपायच्या, मोडलेला नळ्याचा तुकडा कुठून तरी आणायचा, ही सारी झीज तिच्याच वाट्याला येते. थंड देशातल्या ग्राहकाला निदान दुकान ठाऊक असते, कागद हातात असतो. हिला विचारायला कोणी नसते. आणि परिणाम? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. चुलीची भेग ही अशी थेट आईच्या आणि तिच्या काखेतल्या लेकराच्या छातीपर्यंत पोहोचते.

म्हणून आम्हाला वाटते, जो देतो त्याच्यावर विकणाऱ्याहून कमी नव्हे, उलट अधिक जबाबदारी येते. विकत घेणारा निदान तक्रार करू शकतो. दान घेणाऱ्याची जीभ उपकाराने बांधलेली असते. त्याच्या वतीने आपणच विचारले पाहिजे: हिचा सुटा भाग गावात मिळेल का? दुरुस्त करायला कोणी शिकलेले आहे का? वर्षाने कोणी परत येऊन पाहणार आहे का? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर दिलेली वस्तू अर्धीच दिली. हा नियम चुलीला लागतो, तसाच आपण कोणाला दिलेल्या शिलाई मशीनला, व्हीलचेअरला आणि शाळेला दिलेल्या पाण्याच्या फिल्टरलाही लागतो. आपल्या धर्मग्रामातून होणाऱ्या मदतीच्या यादीत देखभालीचा एक रकाना असावा, अशी आमची सूचना आहे.

करता येण्यासारख्या काही गोष्टी

तत्त्वाची चर्चा झाली. आता रोजच्या उपयोगाचे थोडे सांगतो.

बिल आणि वॉरंटी कार्ड एकाच पाकिटात ठेवा. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख त्याच दिवशी घ्या. वस्तूवरचा क्रमांक लिहून ठेवा किंवा त्याचा फोटो काढा. विकत घेतानाच दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: यातले कोणते भाग झिजणारे आहेत, आणि ते कुठे, केवढ्याला मिळतात? जो दुकानदार हे नीट सांगतो, तो पुढेही साथ देतो. वयस्कर माणसांसाठी वस्तू घेतली असेल, तर पुस्तकातला सूचनांचा भाग त्यांना मराठीत वाचून दाखवा. हे काम शाळा-कॉलेजातल्या मुलांनी घ्यावे.

बिघाड झाला तर आधी नीट आठवा, मग तक्रार करा. तक्रार लेखी करा, फोटो जोडा, जे घडले तेच लिहा. आधी दुकानदार, मग कंपनी असा क्रम ठेवा. तरीही दाद मिळाली नाही, तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हक्काची गोष्ट मागण्यात भांडखोरपणा नाही. गरीब माणूस 'जाऊ दे' म्हणून सोडून देतो आणि त्याच्या त्या 'जाऊ दे'वर कोणीतरी नफा कमावतो. हे थांबायला हवे.

आणि दुकानदार बंधूंना एक विनंती. आपण कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभे आहात, दोन्हीकडून बोलणी खाता, हे आम्ही जाणतो. पण झिजणारा भाग कोणता, हे गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळी सांगितलेत, तर कदाचित एखादी विक्री हातची जाईल. नंतरचा तंटा मात्र टळेल. न सांगता विकलेली वस्तू बहुधा तक्रार घेऊनच दुकानात परत येते.

थंडीचे दिवस जवळ आले की बंब पुन्हा पेटतील. पहिल्या जाळापूर्वी जाळी उचलून पाहा, राख काढा, तोटी तपासा, पाणी भरल्याची खात्री करा. शेजारी कोणी एकटे वृद्ध राहत असतील, तर त्यांच्याकडे जाऊन त्यांचाही बंब एकदा पाहून घ्या. काही झिजलेले दिसले, तर त्यांना सांगा. बदलायला पैसे नसतील, तर आम्हाला सांगा.